साहसी शिबिरात किशोरांचे नेतृत्व: एका उन्हाळ्याचे काम की करिअर?

प्रश्न: मी २० वर्षांची असून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मी काही वर्षे काम करत आहे. येत्या उन्हाळ्यात एका ख्रिस्ती साहसी शिबिराने १३ ते १६ वयोगटातील मुलींच्या गटाची प्रमुख म्हणून मला बोलावले आहे. प्रस्तरारोहण, कयाकिंग (छोटी होडी वल्हवणे), तंबूतील मुक्काम आणि रोज बायबल अभ्यास असा कार्यक्रम असतो. घरच्यांच्या मते हे सुटीतले हुंदडणे आहे आणि त्याऐवजी मी इंटर्नशिप करावी. मला मात्र यातच करिअर करावेसे वाटते. माझा बायबलचा अभ्यास फार खोल नाही, त्यामुळे मुलींच्या अवघड प्रश्नांची धास्तीही वाटते. काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत मिसळले आहेत. हा उन्हाळा शिबिराला द्यावा का, याचे माझे उत्तर ‘अवश्य द्यावा’ असे आहे. मात्र शिबिराची व्यवस्था चोख असल्याची खात्री आधी करून घ्यावी. हेच आयुष्यभराचे काम म्हणून निवडावे का, हे ठरवण्याची घाई आज करू नये, कारण तुम्ही आतापर्यंत ज्या अंगाने हे क्षेत्र पाहिले आहे त्यापेक्षा त्याचे खरे काम बरेच वेगळे आहे.

घरच्यांची शंका रास्त आहे, परंतु या कामाला ‘हुंदडणे’ म्हणणे योग्य नाही. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुण संघटनेच्या परंपरेत मुलांच्या निसर्गशिबिरांनी मूळ धरले. अमेरिकेत सम्नर डडली यांनी १८८५ मध्ये सात मुलांना घेऊन सुरू केलेले शिबिर आजही चालू आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ या साहस-प्रशिक्षण संस्थेची पहिली शाळा निघाली, ती युद्धकाळात तरुण खलाशांना समुद्रावरील संकटात तग धरता यावा म्हणून. गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट यांनी १९६५ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ काढले, कारण डोंगरात फिरायला उत्सुक मंडळी भरपूर असली तरी त्यांना सुखरूप नेऊन आणणारे प्रशिक्षित नेते मिळत नव्हते. चांगल्या शिबिरांना हीच अडचण आजही भेडसावते. कडा चढता येणारे तरुण पुष्कळ मिळतात; दहा घाबरट, हट्टी, थकलेल्या किशोरांवर एकाच वेळी लक्ष ठेवू शकणारे थोडे असतात.

या वयाबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटे असतानापेक्षा मित्र शेजारी असताना स्पष्टपणे जास्त धोका पत्करला. २४ वर्षांपुढील प्रौढांवर मित्रांच्या उपस्थितीचा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे कड्याच्या टोकाशी किंवा पाण्याच्या काठाशी तुमची नजर आधी ‘बघणारे कोण आहेत’ याकडे वळली पाहिजे. एरवी शहाणी असलेली मुलगी मैत्रिणींसमोर वेडे साहस करते, आणि तिच्या शेजारची, भीतीने गोठलेली मुलगी त्याच मैत्रिणींपायी ‘मला उतरायचे आहे’ हे शब्द गिळून टाकते.

प्रत्यक्ष काम कसे दिसते ते पाहा. चढाई सुरू होण्यापूर्वी हार्नेसचा (कमरेला बांधायच्या सुरक्षासाजाचा) पट्टा नीट ओढलेला आहे का, दोराची आठच्या आकड्यासारखी गाठ पूर्ण परतून घेतली आहे का, कॅरॅबिनरचे (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे) लॉक फिरवले आहे का आणि खालून दोर सांभाळणाऱ्या (‘बिले’ देणाऱ्या) व्यक्तीच्या उपकरणात दोर योग्य दिशेने गेला आहे का, हे प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलीसाठी, हात लावून तपासायचे असते. विसाव्या मुलीच्या वेळी कंटाळा येतो, आणि तुमच्या लायकीची परीक्षा तिथेच होते. मग एखादी मुलगी अर्ध्यावर अडकते, तिचे पाय लटपटू लागतात आणि खालून सगळा गट ‘जमेल, जमेल’ असा गलका करतो. अशा वेळी गटाला शांत करून तिला एवढेच विचारावे, ‘अजून एक पाऊल टाकायचे की खाली यायचे?’ ती खाली यायचे म्हणाली तर तिला सन्मानाने खाली घ्यावे. साहस किती करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, हे तत्त्व अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर’ या साहस-शिक्षण संस्थेच्या कामातून रूढ झाले आणि ते केवळ दयेपोटी आलेले नाही; जबरदस्तीने वर चढवलेले मूल पुढच्या वेळी आपली भीती लपवते, आणि लपलेली भीती दोरावर घातक ठरते.

तुमच्या धास्तीबद्दल. मुली धर्मशास्त्रातील बारकावे क्वचितच विचारतात. ‘माझ्या आईचा आजार प्रार्थना करूनही का बरा झाला नाही’ असे प्रश्न मात्र हमखास येतात. त्यावर पाठ केलेले वचन फेकू नये. ‘मला याचे उत्तर ठाऊक नाही, पण तू सांग, मी ऐकते’ असे म्हणून खरोखर ऐकावे आणि गरज वाटल्यास तिच्या संमतीने शिबिरातील पाळकांशी (धर्मगुरूंशी) तिची गाठ घालून द्यावी. शिबिराचे धार्मिक स्वरूप पालकांना अर्जातच स्पष्ट सांगितलेले असावे. माझे आणखी एक ठाम मत आहे, कदाचित काहींना ते रुचणार नाही: शेवटच्या रात्री शेकोटीभोवती, झोप आणि भावना दोन्ही अनावर झालेल्या मुलांकडून विश्वासाची जाहीर कबुली मागणे टाळावे. ज्या मुलीला साक्ष द्यायची आहे तिला अवश्य बोलू द्यावे, पण गप्प बसलेल्या मुलीकडे कोणी वळून पाहणार नाही, अशी बैठक असावी.

तुमच्या आणि त्यांच्या वयातील अंतर अवघे चार ते सात वर्षांचे आहे, म्हणून मर्यादा आधीच पक्क्या कराव्यात. कोणत्याही मुलीबरोबर बंद जागेत एकटे राहू नये, शिबिरानंतर खासगी संदेशांची देवाणघेवाण ठेवू नये आणि ‘कोणाला सांगणार नाही ना’ या प्रश्नाला कधीही होकार देऊ नये. अत्याचार किंवा स्वतःला इजा करून घेण्याची गोष्ट कानावर आली, तर ती नेमलेल्या जबाबदार व्यक्तीपर्यंत त्याच दिवशी पोहोचवावी लागते, आणि हे त्या मुलीला सुरुवातीलाच प्रेमाने सांगावे लागते. स्वतः चौकशी करत बसणे हे तुमचे काम नाही.

आता करिअरबद्दल. हे काम बहुतांशी हंगामी असते, पूर्णवेळ जागा मोजक्या असतात आणि त्या कार्यक्रम प्रमुख किंवा प्रशिक्षक म्हणून अनेक हंगाम काढलेल्यांना मिळतात. म्हणून पदवी सोडण्याचा विचारही करू नका. शिक्षण, समाजकार्य, समुपदेशन किंवा मंडळीतील युवककार्य यांपैकी ज्याकडे तुमचा ओढा असेल त्या अभ्यासक्रमाला शिबिराच्या अनुभवाची जोड मिळाली, तर उत्पन्नाचा आधार राहील आणि शिबिराचे दारही उघडे राहील. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा प्राथमिक अभ्यासक्रम साधारण १६ तासांचा असतो. तो या उन्हाळ्याआधीच करावा. त्याच्या पुढचा, सुमारे ७० ते ८० तासांचा, आणीबाणीत प्रथम मदत करणाऱ्यांसाठीचा (प्रतिसादक) अभ्यासक्रम मात्र या क्षेत्रात राहण्याचे नक्की झाल्यावर करावा. इंटर्नशिपचे म्हणाल, तर ती पुढच्या सुटीतही करता येईल; शिवाय एका गटाची रात्रंदिवस जबाबदारी घेतल्याचा दाखला मुलाखतीत कमी वजनाचा ठरत नाही.

होकार कळवण्यापूर्वी शिबिराकडून काही गोष्टी लेखी मागवा. एका नेत्यामागे मुले किती, हे विचारा. मुक्कामी शिबिरांसाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा निकष ९ ते १४ वयाच्या आठ मुलांमागे एक आणि १५ ते १८ वयाच्या दहा मुलांमागे एक असा आहे. दोराचे आणि पाण्याचे प्रकार प्रशिक्षित व्यक्तीच हाताळते का, की ते काम तुमच्या गळ्यात पडणार आहे? हवामान बिघडल्यास उपक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? मेघगर्जना ऐकू आल्यावर सुरक्षित छताखाली जाऊन शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे थांबण्याचा नियम पाळला जातो का? नेत्यांना आठवड्यात सुटी, विमा आणि मुले येण्याआधी प्रशिक्षणाचे दिवस मिळतात का? शक्य असल्यास पहिल्या वर्षी प्रमुखाऐवजी सहायक म्हणून जागा मागा. अनुभवी प्रमुखाच्या हाताखाली जे शिकता येते ते एकटीने गट सांभाळताना शिकायला वेळ मिळत नाही. आलेली उत्तरे घरच्यांनाही वाचायला द्या. यातील एखाद्या प्रश्नाला शिबिराने ‘तेवढे काळजीचे कारण नाही’ असे मोघम उत्तर दिले, तर तिथे न जाता दुसरे शिबिर शोधा.