खच्चीकरण आणि खचणं, दोघांचा काडीचाही संबंध नाही

प्रश्न आलाय तो असा: 'मनोधैर्याचं खच्चीकरण' यातलं खच्ची हे 'खचणे' वरून आलं का, आणि शब्द असभ्य आहे का.

पहिल्याचं उत्तर नाही. जमीन खचते, पाया खचतो, माणूस मनाने खचतो, त्यात कुणाचं काही कापलेलं नसतं. पण टीव्हीवरच्या एका चर्चेत मराठीचे एक प्राध्यापक 'खचवणे म्हणजेच खच्ची करणे' असं छातीठोकपणे सांगत होते आणि निवेदक मान डोलावत होता. अहो सर, गावाकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा ना. खच्ची बैल म्हणजे ज्याचे आंड काढलेत किंवा ठेचून निकामी केलेत तो बैल. खच्ची घोडा, खच्ची बोकड, सगळीकडे तेच.

मूळ शब्द अरबी आहे, आणि खरी मजा इथे आहे. अरबीत वृषणाला 'खुस्या' म्हणतात, त्याच धातूवरून 'ख़सी' म्हणजे ज्याचे वृषण काढलेत तो. फारसीतून हा हिंदुस्तानीत आला, खस्सी झाला. बिहारमध्ये खाटकाकडे खस्सी मागितलं की खच्ची केलेल्या बोकडाचं मटण मिळतं, नेपाळात त्यालाच 'खसीको मासु' म्हणतात, बंगालमध्ये खाशी. (बोकड का खच्ची करतात? कारण न केलेल्या बोकडाला जो उग्र दर्प येतो तो वृषणातल्या संप्रेरकामुळे, आणि तो मटणातही उतरतो.) तिकडे पूर्व आफ्रिकेत अरब व्यापाऱ्यांबरोबर गेलेला हाच शब्द स्वाहिलीत 'हासी' होऊन बसलाय, अर्थ तोच. म्हणजे काठमांडूच्या हॉटेलातला मेनू आणि आपल्या विरोधी पक्षाची पत्रकार परिषद, शब्द एकच!

आता स चा च कसा झाला? हा माझा तर्क आहे, कोशात शोधू नका. मराठी माणसाच्या कानात आधीच 'खच्चकन' होतं, सुरी चालल्याचा आवाज. आणि शेजारी 'खच्चर' होतं, ज्याला पिल्लं होत नाहीत असं जनावर. खस्सी हा परका शब्द या दोघांच्या मध्ये सापडला आणि खच्ची झाला. मला तरी हे पटतं. एका मित्राला नाही पटत, तो म्हणतो खच्चर आणि खच्ची यांची गाठ मारणं म्हणजे जुगाड. असेल.

पण गंमत बघा, खच्चर खच्ची नसतं! घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खच्चराची ६३, म्हणून जोड्या नीट लागत नाहीत आणि नर खच्चराच्या वृषणात शुक्रजंतू तयार होता होता मध्येच अडकतात. वृषण मात्र जागेवर असतात आणि टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित बनवतात, त्यामुळे खच्चर माजतं, चावतं, घोडीमागे धावतं, आणि पाळणारे लोक त्यालाही खच्ची करून घेतात. आधीच वांझ असलेल्या जनावराला खच्ची का करायचं हे ज्याला कळलं त्याला हा शब्द कळला.

आणि इथेच मला त्या भाषाशुद्धीवाल्यांचा राग येतो जे खच्चीकरणाऐवजी 'वंध्यीकरण' लिहा म्हणून मागे लागतात. अरे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत! वृषणात दोन वेगवेगळे भाग असतात. एक म्हणजे केसाएवढ्या बारीक, वेटोळ्या नलिका, त्यांच्या भिंतीत शुक्रजंतू तयार होतात. दुसरं म्हणजे या नलिकांच्या मधल्या फटींत झुबक्याने बसलेल्या लायडिग पेशी, फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्याचं नाव, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. एकाच इमारतीत दोन दुकानं, पण एकाचा माल मागच्या बोळातून म्हणजे शुक्रवाहिनीतून जातो आणि दुसऱ्याचा थेट हमरस्त्यावर, म्हणजे रक्तात. नसबंदीत फक्त बोळ बंद करतात. टेस्टोस्टेरॉन तसंच रक्तात जात राहतं, दाढी, आवाज, इच्छा काही बदलत नाही, वीर्यसुद्धा फारसं कमी होत नाही कारण त्यातला बहुतेक द्रव वीर्याशय आणि प्रोस्टेट इथून येतो. वंध्यीकरण हे झालं. खच्चीकरणात दोन्ही दुकानं जातात.

'नसबंदी' हा शब्दही काय एकेक, नस कुठे बांधतात त्यात? ती नळी आहे. पण नस म्हटलं की आपल्याकडे ताकद आलीच, नस कापली म्हणजे माणूस गेला कामातून. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. त्या धाकात नसबंदी म्हणजे खच्ची करणं हा समज इतका घट्ट बसला की अजून निघत नाही, आणि त्यात हे शुद्धीवाले दोन्हीला एकच शब्द देणार! त्यापेक्षा महापालिका भटक्या कुत्र्यांसाठी 'निर्बीजीकरण' लिहिते ते बरं, नर कुत्र्याचे वृषण खरंच काढतात.

आता बैल. जुनी पद्धत बडवण्याची नाहीतर ठेचण्याची, नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो. हल्ली जनावरांचे डॉक्टर बर्डिझोचा चिमटा वापरतात, मूळचा इटलीतला, त्याने कातडी न फाडता वरच्या दोरासारख्या भागातल्या रक्तवाहिन्या चेचल्या जातात, रक्त थांबलं की वृषण हळूहळू सुकून जातात. पण कुठलाही जाणता शेतकरी आदत, म्हणजे अजून दुधाचे दात असलेल्या, वासराला लगेच खच्ची करत नाही, खोंड दोनदाती-चारदाती होऊ देतो, कारण मान आणि वशिंड भरायला तेच टेस्टोस्टेरॉन लागतं. मग खच्ची करतो, आणि तोच बैल पुढे नांगर ओढतो. नांगराला वळू कोण जुंपतं? म्हणजे खच्ची केल्याने जातो तो माज, ताकद नव्हे. म्हणून 'धैर्याचं खच्चीकरण', 'शिक्षणाचं खच्चीकरण' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, धैर्याला जुंपणार कशाला? याउलट एखादा नेता 'आमच्या कार्यकर्त्यांचं खच्चीकरण चाललंय' म्हणतो तेव्हा नकळत अगदी अचूक बोलतो: शिंग उगारणारा होता, आता मान खाली घालून जू ओढतोय.

असभ्य वगैरे काही नाही, गोठ्यातला शब्द आहे. आणि हो, घाटावर बडवणे, ठेचणे, खच्ची करणे हे तिन्ही ऐकलेत, कोकणात आणि झाडीपट्टीत काय म्हणतात ते कुणी सांगेल का? शहरातले अंदाज नकोत, ज्यांच्या घरी बैल होते त्यांनीच लिहा.