मानमोडी आणि स्वाइन फ्लू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पणजी ‘मानमोडीच्या साली’ म्हणून १९१८च्या साथीच्या गोष्टी सांगायची. ती साथ आणि २००९चा स्वाइन फ्लू एकच का? आणि २००९ मध्ये म्हाताऱ्यांपेक्षा तरुण जास्त का दगावले? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : कूळ एकच, विषाणू मात्र तोच नव्हे. दोन्ही इन्फ्लुएन्झा ‘ए’च्या एच१एन१ उपप्रकारातले. ‘एच’ म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ज्याच्या जोरावर विषाणू श्वासमार्गातल्या पेशीला चिकटतो. ‘एन’ म्हणजे न्यूरामिनिडेज. तयार झालेले नवे विषाणू ते पेशीपासून सोडवते.

१९१८चा विषाणू मूळचा पक्ष्यांच्या वंशातला. जूनमध्ये मुंबईत आला तेव्हा ताप सौम्य होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या लाटेने मुंबई इलाखा अक्षरशः आडवा केला. त्यातच त्या वर्षी पाऊस गेलेला, माणसे उपाशी. देशातल्या बळींचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात.

पुढे हे कूळ दोन घरांत नांदले. माणसांत ते बदलत बदलत १९५७पर्यंत राहिले, मग एच२एन२ने त्याला हुसकावले. १९७७ मध्ये ते परतले. डुकरांत मात्र ते फारसे न बदलता राहिले. इन्फ्लुएन्झाची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. २००९च्या विषाणूत ‘एच’सह तीन तुकडे अमेरिकेतल्या डुकरांच्या जुन्या कुळातले, ‘एन’सह दोन युरोप-आशियातल्या डुकरांतले, दोन मुळात पक्ष्यांचे आणि एक माणसांच्या एच३एन२चा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या ‘एच’मध्येच आहे. १९५७च्या आधी जन्मलेल्यांनी लहानपणी त्याचा जवळचा भाऊबंद अंगावर काढला होता, त्यामुळे त्यांच्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) त्याची ओळख होती. १९७७नंतरचा एच१एन१ तोवर इतका बदललेला होता की त्याची प्रतिकारशक्ती तरुणांच्या फारशी कामी आली नाही.

देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. १० ऑगस्ट २०१० रोजी महासाथ संपल्याचे जाहीर झाले, पण विषाणू कुठेही गेला नाही. २०१५ मध्ये त्याने देशात २,९९० जीव घेतले.

प्रश्न : गल्लीत डुकरे फिरतात. धोका आहे का? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : या तापाचा नाही. तो माणसाच्या खोकल्या-शिंकेतून माणसाला होतो. डुकरांचा बंदोबस्त स्वच्छतेसाठी जरूर मागा.

प्रश्न : आई विड्या वळते, तिला दमा आहे. लस कधी द्यावी? ताप आलाच तर काय करावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्याकडे हा ताप दोनदा डोके वर काढतो : पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च. म्हणजे आषाढी वारी आणि गड्ड्याची यात्रा, दोन्ही गर्दीच्या वेळी. लस मेमध्ये घ्या. प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात, आणि ती दर वर्षी घ्यावी लागते. पाकिटावर चालू वर्ष पाहूनच घ्या. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. औषध दुकानातून आणून सोलापूरच्या उन्हात पिशवीत टाकून फिरलात तर ती वाया गेली समजा. फ्रीझरमध्ये गोठली तरीही वायाच. जिथे टोचणार तिथलीच घेणे उत्तम.

ताप आला की आईच्या बाबतीत तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नका. दमा, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर लगेच ऑसेल्टामिविर ही विषाणूविरोधी गोळी सुरू करतात : प्रौढांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर गुण सर्वांत चांगला. मळमळते म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी ती सोडतात. त्यापेक्षा जेवणासोबत घ्या. नुसत्या अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, नखे निळी पडणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.