नेम लक्ष्याच्या पलीकडे जातो

प्रश्न : मी ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळतो. माउसचा डीपीआय (एक इंच सरकल्यावर माउस नोंदवतो ते बिंदू) १६०० आणि गेममधील सेन्सिटिव्हिटी (माउसच्या हालचालीला गेम किती प्रतिसाद देतो) २ आहे. नेम सतत लक्ष्याच्या पलीकडे जातो आणि समोरचा आधी गोळी झाडतो. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या आकड्यांनुसार माउस जेमतेम १३ सेंटीमीटर सरकला की खेळाडू स्वतःभोवती पूर्ण फिरतो; एवढ्या वेगात मनगटाचा किंचित कंपही नेम बिघडवतो. डीपीआय ८०० आणि सेन्सिटिव्हिटी १ ठेवल्यास हेच अंतर सुमारे ५२ सेंटीमीटर होईल, मात्र त्यासाठी मोठा माउसपॅड लागेल आणि मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवावा लागेल. सुरुवातीला जड वाटले तरी काही आठवडे हे आकडे बदलू नयेत, कारण त्याशिवाय हाताला अंतराचा अंदाज येत नाही.

राहिला प्रश्न वेगाचा. लक्ष्य दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतातच आणि सरावाने ते फारसे कमी होत नाहीत. म्हणूनच क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) जमिनीकडे न ठेवता, कोपऱ्यावर प्रतिस्पर्ध्याचे डोके जिथे दिसेल त्या उंचीवर आधीच धरून ठेवणे, हा माझ्या मते सर्वांत मोलाचा सराव आहे. चालता चालता गोळी झाडू नये. विरुद्ध दिशेची कळ क्षणभर दाबून थांबावे आणि मगच झाडावी.