डायनॅमिक लायब्ररीतलं फंक्शन लूपमधून लाखो वेळा कॉल केलं तर प्रोग्रॅम मंदावतो का?

कॉलमुळे म्हणाल तर जवळजवळ नाही. लिनक्सवर, एक्स८६-६४ धरून सांगतो. कॉल आधी पीएलटीतल्या (बाहेरच्या फंक्शनकडे वळवणाऱ्या कोडच्या भागातल्या) छोट्या तुकड्यावर जातो आणि तिथून जीओटी या तक्त्यातला पत्ता वाचून खऱ्या फंक्शनवर उडी पडते. लेझी बाइंडिंग (गरज पडेल तेव्हाच पत्ता शोधणं) असेल तर पहिल्या कॉलला लोडर, म्हणजे लायब्ररी मेमरीत आणणारा भाग, नावावरून पत्ता शोधतो. ते काम खरंच महाग आहे, पण एकदाच होतं. पुढे उरते ती एक जादा उडी, आणि गरम लूपमध्ये प्रोसेसरला तिचा अंदाज बिनचूक लागतो. डीएलओपन-डीएलसिमने (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडून नावावरून फंक्शनचा पत्ता मिळवणारी फंक्शन्स) घेतलेला पॉइंटर तर पीएलटीतून जातच नाही. मात्र डीएलसिम लूपच्या बाहेर ठेवा; ते लूपमध्येच लिहिण्याची चूक फार दिसते.

खरा फटका बसतो तो इनलायनिंग (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच बसवणं) हुकल्याचा. दोन ओळींचं फंक्शन लायब्ररीच्या पलीकडे राहिलं की कंपायलरला आतलं काही दिसत नाही, मग लूपचं व्हेक्टरायझेशनही (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणं) गेलं. लायब्ररीच्या आपल्याआपल्यातल्या कॉलनाही हे लागू होतं, कारण बाहेरून कुणी ते फंक्शन बदलू शकतं असं जीसीसी हा कंपायलर गृहीत धरतो. पायथन ३.१० मध्ये लिबपायथनसाठी (पायथनची शेअर्ड लायब्ररी) हे गृहीतक सोडायला लावणारा 'नो-सिमँटिक-इंटरपोझिशन' पर्याय लावला, तेव्हा जीसीसीने केलेलं शेअर्ड बिल्ड ३० टक्क्यांपर्यंत वेगवान झालं!

म्हणून लहान फंक्शन्स हेडरमध्ये इनलाइन ठेवा, किंवा एका कॉलमध्ये एक आकडा न देता अख्खा अ‍ॅरे द्या. आधी 'पर्फ' या लिनक्सवरच्या वेग मोजायच्या साधनाने मोजा मात्र.