कुरळ्या केसांवर थिनिंगची कात्री पुन्हा चालवू नका

ताई, "पार्लरमध्ये थिनिंग केल्यापासून केस उलट जास्तच फुगतात, आता कात्री घरी मागवलीय, अजून थोडे कमी करू का?" हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. नका करू. थिनिंग म्हणजे दातेरी कात्रीने बटेतले काही केस मधूनमधून कापून दाटपणा कमी करणं. मी काही हेअरड्रेसर नाही. माझे, आईचे आणि मुलीचे केस घरी कापते, तेवढाच अनुभव.

माझेही केस कुरळे, दाट. पार्लरवालीने ते ओले असतानाच दातेरी कात्री मुळांपासून दोन बोटांवर धरून कचाकच चालवली. ओले होते तोवर हलकं वाटलं. वाळल्यावर आतले आखूड केस स्प्रिंगसारखे वळून वरच्या लांब बटांना बाहेर ढकलायला लागले. विचारायला गेले तर "तुमचे केसच तसे आहेत" म्हणून केराटिनचं, म्हणजे केस मऊ-सरळ करायच्या ट्रीटमेंटचं, पॅकेज पुढे केलं. अजून आठवलं की संताप येतो. कापले तिने आणि खोट माझ्या केसांत!

पण खरं नुकसान पुढे झालं. फुगलेत म्हणून मी घरी त्याच जागी पुन्हा कात्री लावली. माझ्या ३० दातांच्या कात्रीने एका वेळी बटेतले साधारण एक तृतीयांश केस जातात. तिथेच दुसऱ्यांदा चालवली की निम्म्याहून जास्त गेले. भांगाशेजारी बोटभर केस ताठ उभे राहिले. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, ते खांद्याला टेकायला मला दोन वर्षं लागली.

कात्री वाईट नाही. मुलीचे केस सरळ आणि जाड आहेत, तिथे ती छान चालते. केस कोरडे हवेत, वरचा थर क्लिपने बाजूला घ्यायचा, बटेच्या मध्यापासून खाली एकदाच चालवायची, मग कंगवा फिरवून झडलेले केस काढायचे आणि बघायचं. आईचे केस बारीक, विरळ. त्यांना मी ही कात्री लावतच नाही, टोकं उंदराच्या शेपटीसारखी दिसतात.

तुमचे केस वाढेपर्यंत जवसाचं जेल लावून बघा. चमचाभर जवस कपभर पाण्यात उकळा आणि गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर गाळलं जात नाही. ओल्या केसांना लावून बटा बोटांनी वळवा आणि वाळेपर्यंत कंगवा लावू नका. मला त्याने बराच फरक पडला, तुमच्या केसांचं सांगता येत नाही.