माफी मागितली तर बापाचा धाक राहील काय?

प्रश्न : मी मालवण तालुक्यातला मच्छीमार, वय ४२. स्वतःची फायबरची होडी आहे, दोन खलाशी आहेत. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टातल्या एका रविवारी त्याला पहिल्यांदाच लांब नेला. बाहेर पाणी चढलं होतं. तो ओकला, मग नाळीशी, होडीच्या पुढच्या टोकाला, बसून रडायला लागला, 'बाबा, परत चला' म्हणून. खलाशी हसले. मला लाज वाटली. मी त्याच्या कानफटात दिली आणि 'बायलमाणसासारखो रडतंस काय?' म्हणून ओरडलो. त्याला आता तीन महिने होत आले. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मी अंगणात आलो की आत जातो. आई म्हणते, बरं केलंस, दर्यावर जाणाऱ्याचं काळीज घट्ट हवं. बायको काहीच बोलत नाही. मला रात्री झोप लागत नाही. माझं चुकलं असं मलाच वाटतं, पण बापाने पोराची माफी मागितली तर धाक राहील काय?

उत्तर : हो, चुकलं. माफी मागा. हे तुम्हाला माझ्याआधीच कळलेलं आहे, नाहीतर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. पुढचं लिहितोय ते तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी.

आधी त्या रविवारचं बघू. बंदी ३१ जुलैला संपते, पण पाणी त्या तारखेला निवत नाही. म्हणून तर जुनी माणसं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. अशा दिवसांत पोरगा पहिल्यांदा लांब गेला. त्याला पाणी चढलेलं दिसलं, पोटात ढवळलं आणि 'परत चला' असं त्याने तोंडाने सांगितलं. यात लाज वाटण्यासारखं काय होतं? २००९च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. त्या दिवशी आभाळाचा रंग बघून जाळी तोडून अर्ध्यातून मागे फिरलेला एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, मला ठाऊक आहे. जाळी गेली, चार माणसं घरी आली. मला म्हणाला होता, 'सर, माका भय वाटला म्हणान परत फिरलंय.' तुमचा मुलगा तुम्हाला हेच सांगत होता. त्याला अजून तांडेलासारखं बोलता येत नव्हतं, म्हणून तो रडला.

मी ३३ वर्षं हायस्कुलात शिकवलं. पाचवीतला पोरगा पडला की रडत स्टाफरूमच्या दारात यायचा. आठवीत तोच पोरगा येत नसे. एकदा आठवीतला एक मुलगा डावा हात खिशात घालून दोन तास वर्गात बसून होता. मला वाटलं उद्धटपणा करतोय, म्हणून हात बाहेर काढ म्हटलं. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. मधल्या सुट्टीत आंब्यावरून पडला होता. 'सांगितलं का नाहीस?' तर म्हणाला, 'पोरं हसतील.' हाड मोडलेलं होतं. पाचवी ते आठवी या तीन वर्षांत त्याला हे कोणी शिकवलं? शाळेच्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. ते आपण शिकवलं, मी, तुम्ही, त्या खलाशांनी, आणि तुम्ही वापरलात त्या एका शब्दाने. त्या शब्दाने पोराचा अपमान होतो आणि घरातल्या बायांचाही. तुमची बायको गप्प आहे म्हणता. तिनेही तो शब्द ऐकला असेल.

आपण काही कोरड्या डोळ्यांची माणसं नाही. जत्रेत रात्रभर दशावतार बघतो. साडी नेसलेला पुरुष तारामती होऊन रोहिदासासाठी हंबरडा फोडतो, हरिश्चंद्र राजा असून मुलाच्या प्रेतापाशी रडतो, आणि समोर बसलेले बापये टॉवेलाने डोळे पुसतात. मी त्यांना बघितलं आहे, मीही पुसले आहेत. पहाटे नाटक सुटतं आणि तोच माणूस घरी जाऊन रडणाऱ्या पोराला दटावतो. राजाला चालतं ते पोराला का चालू नये, हे मला इतक्या वर्षांत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

माझे वडील परळला गिरणीत होते. गावातली वीस-पंचवीस माणसं मिळून बैठकीच्या खोलीत राहायची, पाळ्या लावून झोपायची. वडील गणपतीत आणि शिमग्यात घरी येत. बाकीचं वर्ष बाप म्हणजे मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. पावसाच्या तोंडावर ट्रंकेसकट गावी आले. मी सोळा वर्षांचा. एका पहाटे मी पाण्याला निघालो तर मांगरामागे कोणीतरी बसलेलं दिसलं. वडील होते. पंच्याचा बोळा तोंडात कोंबला होता, आवाज घरात जाऊ नये म्हणून. खांदे तेवढे हलत होते. मी उलट्या पावली परत आलो. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. म्हणाली, 'बघलंस? कोणाक सांगू नको हां.' मी सांगितलं नाही. वडील १९९१ला गेले, तोवर आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. मी जवळ जाऊन नुसता बसलो असतो तरी चाललं असतं, हे मला आता कळतं. पण बापाच्या रडण्याजवळ बसायचं असतं हे मला कोणी दाखवलं नव्हतं, आणि रडता रडता मुलाला जवळ बोलवायचं असतं हे त्यांना.

एवढं सगळं बघूनही मी बाप झाल्यावर काय केलं ते सांगतो. २००५चा मे महिना, माझा मुलगा दहा वर्षांचा. विहिरीत पोहायला शिकवत होतो. पाठीला सुके नारळ बांधले होते. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, 'बाबा, उद्या.' त्याचे चुलतभाऊ हसत होते. मी त्याला ढकललं. आठ दिवसांत तो पोहायला लागला आणि मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत राहिलो. पुढे तो कॉलेजात असताना दोन वर्षं नापास होत होता, हॉस्टेलच्या खोलीतून बाहेर पडत नव्हता. त्याने ते मामाला सांगितलं, मला नाही. मी नंतर विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, 'तुम्ही ढकलाल असं वाटलं.'

धाकाचं विचारलंत ना? माझा धाक होता. चांगला नऊ वर्षं टिकला. त्या धाकामुळेच माझा मुलगा बुडत असताना मला हाक मारू शकला नाही.

मी माफी मागितली ती त्याच विहिरीवर, गणपतीत तो आला असताना. तो पाणी काढत होता. मी म्हटलं, 'त्या दिवशी तू उद्या म्हणालास, मी ऐकायला हवं होतं. माझं चुकलं.' तो बराच वेळ रहाटाचा दोर धरून उभा राहिला. मग म्हणाला, 'कळशी भरली.' एवढंच. गळाभेट नाही, काही नाही. पण हल्ली फोनवर आईशी बोलून झालं की 'बाबांना दे' म्हणतो. आधी म्हणत नव्हता.

हीच धाकाची भीती आम्हा शिक्षकांनाही वाटली होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत मुलांना मारायला बंदी केली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही हेच विचारत होतो, आता धाक राहील काय? पहिले काही महिने जड गेले. मग मुलांची घरं माहीत करून घ्यावी लागली, कोणाचा बाप बोटीवर आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे. ते कळलं की वर्ग आपोआप ऐकू लागायचा. छडी हातात होती तोवर मला त्याची गरजच वाटली नव्हती.

आता तुम्ही करायचं काय. त्याला मुद्दाम समोर बसवू नका, दोघंही अवघडाल. जाळी विणायला, सांधायला बसता तेव्हा बोला, हात कामात असले की बोलणं सोपं जातं. 'माजा चुकला. मी तुका मारूक नको होता. तू भियालंस ता बरोबर होता.' पुढे 'पण' लावू नका. 'पण तू पण असा रडायला नको होतंस' एवढं जरी जोडलंत तरी सगळं फुकट. तो काहीच बोलला नाही तर नाही. उत्तर द्यायचं कर्ज त्याच्यावर नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी तुम्हाला कठीण जाईल. थप्पड खलाशांसमोर मारलीत, तर चूकही त्यांच्यासमोर कबूल करा. पोरगा तिथे हजर नसला तरी चालेल, गावात गोष्ट त्याच्यापर्यंत पोचतेच. 'त्या दिवशी झिलाक मारलंय ता माजा चुकला' एवढं म्हणा आणि कामाला लागा. हसले तर हसू द्या. त्यांचीही पोरं आहेत, त्यांतला एकजण तरी घरी जाऊन विचार करील.

तो पुन्हा होडीवर येईल की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या. आला तर वारा बघायला शिकवा आणि तुम्ही स्वतः कधी कधी भ्यालात ते सांगा. तुम्ही भ्याला नसाल असं मी मानतच नाही. नाही आला तरी तो तुमचाच मुलगा आहे.

तुमच्या झोपेचंही बघा. पुरुष मनातलं बोलत नाहीत, आणि त्याची किंमत फार मोठी आहे. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांवर आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत १ लाख २२ हजारांवर पुरुष होते. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. पण झोप अशीच उडालेली राहिली, किंवा पोरगा जेवण, शाळा, मित्र यांतून अंग काढून घेतोय असं दिसलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईंना उलट उत्तर देऊ नका. त्यांनी दर्यावर गेलेल्या माणसांची वाट बघण्यात आयुष्य काढलं आहे, घट्ट काळीज हा त्यांचा आधार होता. नातवाला त्यांच्याजवळ बसवा आणि विचारायला सांगा, 'आजी, आजोबा उशिरा आले की तुला काय व्हायचं?'

प्रश्न : दापोलीजवळच्या गावातून लिहिते. माझा ११ वर्षांचा मुलगा स्वयंपाकात रमतो. यंदा गणपतीत उकडीच्या मोदकांना त्याने माझ्यापेक्षा सुबक मुखऱ्या पाडल्या. दीर सगळ्यांसमोर म्हणाले, 'याला आता साडी आणा.' नवरा गप्प राहिला. तेव्हापासून मुलगा स्वयंपाकघरात येत नाही.

उत्तर : दिरांना सोडा, तुम्ही नवऱ्याशी बोला. त्याची चूक गप्प राहण्याची आहे, आणि ती मुलाला जास्त लागली असणार. भावाला उत्तर द्यायला जमत नसेल तर नको, पण पुढच्या चतुर्थीला त्याने स्वतः पाटावर बसून मुलाला म्हणावं, 'मला दाखव कशा पाडायच्या.' लग्नाच्या मांडवातले आचारी पुरुषच असतात. चार-चार दिवस बाहेर राहणाऱ्या बोटीवर भात-कालवण करणाराही पुरुषच असतो. मजुरी मिळाली की ते काम, घरात केलं की साडी, हा कुठला न्याय? २०१९च्या सरकारी पाहणीत घरकामाला हात लावणारे पुरुष १००त २६च निघाले, आणि तेही दिवसाला सरासरी ९७ मिनिटं. बायका २९९ मिनिटं. तुमच्या मुलाला त्या २६ जणांत राहू द्या.

प्रश्न : देवरुखहून लिहितो, वय ७१. मुलगा सून बाळंतपणानंतर इथेच आहेत. मुलगा दीड महिन्याच्या नातवाला स्वतः तेल लावतो, न्हाऊ घालतो, लंगोट बदलतो. आमच्या वेळी हे नव्हतं. मी माझ्या तिन्ही मुलांना कधी अंघोळ घातली नाही. मला त्याचा राग येत नाही, पण बघताना आत काहीतरी होतं. काय होतं ते सांगता येत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला नातवाला हातात घ्यायचं आहे, असं मला वाटतं. मुलाला तसं सांगा. त्याला नवल वाटेल, आनंदही होईल. पाटावर बसायचं, पाठीला भिंतीचा आधार घ्यायचा, पाय सरळ लांब करायचे आणि बाळाला पायांवर घ्यायचं. मान कशी धरायची ते तुमचा मुलगा दाखवील. तो तुमच्या हाताखाली हात ठेवेल, ठेवू द्या. पाणी आधी कोपराने बघा, तळहाताला कळत नाही.