ज्वारीचं माल्ट ६५ अंशाला गोड होत नाही, ते फेकू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण दुखणं ओळखीचं आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरहून सुट्टीत परभणीला घरी आलात, ज्वारीची बिअर करून बघायला कणगीत उरलेल्या शाळूला मोड आणून वाळवलं, म्हणजे माल्ट केलं, सोबत अर्धा किलो गूळ, धने, तिकडून आणलेले ३० ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं) आणि उघडलेलं यीस्टचं पाकीट आहे. दोन किलो माल्ट दळून ६५ अंशाच्या पाण्यात दीड तास ठेवलं आणि "नुसती खळ व्हायली, गोडी यीना". मोडच नीट आले नसतील असं समजून उरलेलं माल्ट तुम्ही फेकायच्या बेतात आहात. मोडांचा दोष असेल असं मला वाटत नाही. जवाची पद्धत तुम्ही ज्वारीला लावलीत. याच एका चुकीत माझी वीसेक किलो चांगली ज्वारी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. मी वकील नाही, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, स्वतःपुरती असली तरी. तेव्हा इथे यीस्ट टाकू नका. माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट, इथे बसवून बघा आणि पुढचं परत गेल्यावर करा. ब्रिटनमध्ये घरच्यापुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही.

आता मुद्दा. धान्यातल्या स्टार्चची साखर करतात ती मोडांत तयार झालेली एन्झाइम्स. पण स्टार्च आधी शिजून फुगावं लागतं, तेव्हाच एन्झाइमला ते फोडता येतं. जवाचं स्टार्च साधारण ६० अंशाच्या आसपास फुगतं, म्हणून जवाला ६५ अंश बरोबर बसतात: स्टार्च फुगलेलं, एन्झाइम जिवंत. ज्वारीचं स्टार्च फुगायला ६८ ते ७८ अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत एन्झाइम मरायला लागतात. त्यातलं बीटा अमायलेज, म्हणजे साखर करणारं मुख्य एन्झाइम, ज्वारीत मुळातच कमी. म्हणजे ६५ ला एन्झाइम जिवंत पण स्टार्च कच्चं, आणि ७८ ला स्टार्च शिजलेलं पण एन्झाइम गेलेलं. तापमान एक-दोन अंशांनी इकडेतिकडे करून हे सुटत नाही. मी तेच करत बसलो होतो. नायजेरियानं १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांपुढेही हीच अडचण आली आणि त्यांनी बाहेरून एन्झाइम वापरली.

घरी उपाय असा की एन्झाइम आधी बाजूला काढायची आणि मग धान्य शिजवायचं. माल्ट रव्यासारखं जाडसर दळून घ्या, पीठ नको. दोन किलोला सात लिटर पाणी, ४५ अंशाला, अर्धा-पाऊण तास, अधूनमधून ढवळत. मग अर्धा तास हात लावू नका. वरचं निवळलेलं पाणी पळीनं अलगद काढा, तीन लिटरच्या आसपास निघेल. तुमच्या कामाला येणारी एन्झाइम त्या पाण्यात आहेत, त्यामुळे ते गरम करायचं नाही, झाकून ठेवायचं. खाली उरलेला घट्ट भाग मंद आचेवर उकळीला आणा आणि वीस-पंचवीस मिनिटं कण्यांसारखा शिजवा. हलवणं थांबलं की बुडाला लागतो आणि करपट वास शेवटपर्यंत जात नाही. फार घट्ट झालं तर लिटर-दोन लिटर गरम पाणी वाढवा.

आता पातेलं उतरवून निवू द्या. थर्मामीटर बुडाशी आणि मधोमध, दोन्हीकडे लावून बघा. कण्या वरून निवतात पण आत धगधगत असतात, आणि तशात एन्झाइमचं पाणी ओतलं की सगळी मेहनत मेली. ७५ च्या खाली आलं की बाजूला ठेवलेलं पाणी थोडं थोडं ओतत ढवळा आणि ६२ ते ६४ वर आणून थांबा. ते आधीच आलं तर उरलेलं पाणीही घालून टाका, पातेलं पुन्हा हलकं गरम करता येतं. गोधडीत गुंडाळून दीड तास ठेवा. दहा मिनिटांतच खळ पातळ व्हायला लागलेली हाताला कळते. शेवटी पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून अर्धा तास ठेवा.

ज्वारीला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळणी तुंबते. सुती पंचातून टांगून गाळा, घाई करू नका.

पाण्याबद्दल. आपल्याकडच्या बोअरला बायकार्बोनेट भरपूर असतात, त्यानं सामू (pH) वर जातो आणि एन्झाइम मंदावतात. पाणी पंधरा मिनिटं उकळून रात्रभर ठेवा, तळाला पांढरा साका बसेल, वरचं घ्या, आणि माल्ट मिसळल्यावर सामू ५.३ ते ५.५ येईपर्यंत लिंबाचे थेंब टाका. पाणी तपासून घ्यायला जाल तर क्षारता किती तेवढंच लेखी मागा. मी एका प्रयोगशाळेत पैसे भरून, तीन खेपा घालून "पिण्यास योग्य" एवढाच शिक्का घेऊन परतलो. आकडा विचारला तर तो देण्याचा नमुना नाही म्हणाले. पाणी मोजलंत, मग आकडा द्यायला काय हरकत? इतका राग अजून आहे. त्यापेक्षा आरओचं पाणी घ्या.

तुम्ही कोंब आणि मुळ्या काढल्याचं लिहिलेलं नाही. हे टाळू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, तेच सायनाइड तयार करणारं द्रव्य या कोंबांत असतं. वाळलेलं माल्ट पोत्यावर चोळा, सुपात पाखडा, कोंब-मुळ्या पुरून टाका, गोठ्यात घालू नका. भिजवलेलं पाणीही फेका. आणि पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणं कधीही वापरू नका, त्याला कीडनाशक-बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. पावसात काळी पडलेली खरिपाची ज्वारीही नको, ती बुरशी असते.

पुढच्या वेळी माल्ट करताना ते एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर टाकू नका. ओलं माल्ट ६० अंशाच्या वर गेलं की एन्झाइम तिथेच संपतात. पहिला दिवस सावलीत, पातळ थर, मग ऊन.

गाळून कमी निघालं तर गरम पाणी घालून आठेक लिटर करा. ते तासभर उकळा: सुरुवातीला १० ग्रॅम हॉप्स, शेवटच्या दहा मिनिटांना ५ ग्रॅम. हॉप्सना शिळ्या चीजसारखा वास येत असेल तर सरळ टाकून द्या. गूळ सगळा घालायचा मोह होईल, पण २०० ग्रॅमच घाला. त्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे खारट चव राहते. शेवटच्या पाच मिनिटांत ८ ग्रॅम कुटलेले धने. मोसंबीची साल घालायची तर फक्त वरची, आतला पांढरा भाग कडू असतो. हायड्रोमीटरवर (गोड पाण्याची घनता मोजणारी नळी) १.०४० ते १.०४५ आलं की काम झालं. फेस कमी येतो, त्यात तुमची चूक नाही.

इथे हे गार करून निम्मं वर्ट, निम्मा थंड सोडा आणि लिंबू असं घ्या, फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. तिकडे गेल्यावर असंच वर्ट करून आठ लिटरला ५-६ ग्रॅम यीस्ट, १८ ते २० अंशाला. उघडं पाकीट आधी चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात तपासा, पंधरा मिनिटांत फेसाळलं नाही तर नवं आणा. तीन दिवसांच्या अंतरानं हायड्रोमीटरचे दोन आकडे सारखे आल्याशिवाय बाटलीत भरू नका, आणि भरताना लिटरला ६ ग्रॅमच साखर, तीही प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीत. जास्त झाली तर काच फुटते आणि डोळ्यांशी गाठ असते. स्वच्छता, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) वगैरे तुम्हाला येतंच.

उरलेल्या माल्टपैकी आधी २०० ग्रॅमच घ्या, पाणी ७०० मिली, बाकी सगळं याच क्रमानं. आयोडीनचा थेंब पिवळसरच राहिला की इथे कळवा. निळा झाला तर कण्या किती वेळ शिजवल्या आणि पाणी ओतताना तापमान किती होतं, हे दोन आकडे लिहा.